तीस सप्टेंबरचा पट

वाकडच्या भूमकर चौकातून मारुंजीकडे वळलं की सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान रस्त्यावर तीन तऱ्हेची मुलं दिसतात. पिवळ्या बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेली. स्कूटरवर पुढे उभी राहून आईच्या हनुवटीला डोकं लावणारी. आणि चालणारी. चालणाऱ्यांतल्या काहींच्या अंगावर जिल्हा परिषदेच्या शाळेचा गणवेश असतो, काहींच्या अंगावर कसलाच नसतो. ती कडेवर धाकटं भावंड घेऊन पाण्याच्या टँकरच्या दिशेने निघालेली असतात.

हा रस्ता एक हद्द ओलांडतो, पण ती कुठे लागते हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. वाकड, ताथवडे, पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. मारुंजी, नेरे, जांबे, हिंजवडी, माण मुळशी तालुक्यात. हद्दीच्या अलीकडचं मूल महापालिकेच्या शाळेत जातं आणि पलीकडचं पुणे जिल्हा परिषदेच्या. इमारती दोन्हीकडे तेवढ्याच उंच, वाहतूक दोन्हीकडे तेवढीच तुंबलेली. फरक एवढाच, की मारुंजीच्या शाळेचा कारभार पौडच्या पंचायत समितीतून चालतो आणि पौडला जायचं तर मुळा नदीचं खोरं ओलांडून तालुक्याच्या अगदी निराळ्या जगात उतरावं लागतं.

पुणे जिल्हा परिषदेच्या साडेतीन हजारांहून अधिक प्राथमिक शाळा आहेत. त्यांची प्रगती दर वर्षी मोजली जाते, पुढच्या वर्षीची उद्दिष्टं ठरतात, तक्ते भरले जातात, सादरीकरणं होतात. ही मोजणी ज्या मुलाला धरून केली जाते ते मूल जूनमध्ये शाळेत येतं, एप्रिलपर्यंत तिथेच राहतं आणि पुढच्या जूनमध्ये वरच्या वर्गात बसतं. मारुंजीच्या रस्त्यावर चालणारं मूल तसं नाही. हा लेख त्या दोघांमधल्या अंतराविषयी आहे.

सुरुवात पटापासून करावी लागेल, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळं पटापासूनच सुरू होतं. ‘पट किती?’ हा मुख्याध्यापकाला विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो. ‘मुलं शिकतात का?’ हा त्यानंतरचा, आणि तोही वेळ उरला तर. शिक्षकांची पदं ठरवण्याच्या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात, आणि शिक्षकांच्या बोलण्यात संचमान्यतेशी जोडलेली तारीख म्हणजे तीस सप्टेंबर. त्या दिवशी हजेरीपटावर जितकी मुलं, तितक्यांवर पुढचं गणित. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यानुसार पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्या मुलाला तिसरा, एक्याण्णवाव्याला चौथा. एका मुलाच्या येण्या-जाण्यावर एक शिक्षक येतो किंवा जातो. म्हणून सप्टेंबर जवळ आला की गुरुजी वस्तीवर फेऱ्या मारू लागतात. अलीकडे त्यात आधारची अट आली. मूल वर्गात बसलेलं असलं, पाढे म्हणत असलं, तरी त्याचं आधार प्रमाणित झालेलं नसेल तर संचमान्यतेच्या हिशेबात ते धरलं जात नाही.

आता बांधकामाच्या मजुराचं वर्ष बघा. गावाकडे जिरायत असेल तर पेरणी, खुरपणी, काढणी होईपर्यंत घरातली निम्मी माणसं तिकडे. दिवाळी झाली की बिऱ्हाड निघतं. मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकाच्या सीमेवरून, त्याहून लांब बिहार-ओडिशातून. म्हणजे मूल मारुंजीत येतं तेव्हा तीस सप्टेंबर उलटून गेलेला असतो. गावाकडच्या शाळेत ते पटावर असतं, तिथल्या शिक्षकाच्या पदाला टेकू देत असतं, आणि इथल्या वर्गात शिक्षक नसलेल्या गर्दीत मागे बसतं. दोन्ही शाळांचा हिशेब बरोबर असतो. फक्त मूल एका शाळेत कागदावर असतं आणि दुसऱ्या शाळेत जमिनीवर.

मारुंजी गेल्या पंचवीस वर्षांत असं गाव झालं. हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारलं आणि आजूबाजूच्या भातखाचरांचे भाव शेतकऱ्याला स्वप्नातही न दिसलेल्या आकड्यांवर गेले. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांची नातवंडं इंग्रजी माध्यमात गेली. ज्यांनी घरं घेतली त्यांची मुलं तर आधीपासूनच तिकडची. मग गावच्या मराठी शाळेत कोण उरलं? ज्यांनी ती घरं बांधली ते, ज्या बायका त्या घरांत धुणीभांडी करतात त्यांची मुलं, रिक्षावाल्यांची, वॉचमनची, भाजीवाल्यांची. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, मध्ये सामाईक नळ, वायरी लोंबकळणारा एक मीटर, ही या मुलांची वस्ती. टॉवर पूर्ण झाला की ती रांग उखडते आणि दुसऱ्या टॉवरपाशी लागते. दुसरा टॉवर नेऱ्याला असेल, जांब्याला असेल, नाहीतर थेट वाघोलीला.

याच मुलांसाठी राज्याचं आणि देशाचं एक उद्दिष्ट आहे, आणि मला ते मनापासून आवडतं हे आधी सांगून टाकतो. ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. त्याचं म्हणणं साधं आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं आणि रोजची आकडेमोड करता यावी, आणि हे २०२६-२७ पर्यंत घडावं. पहिलीतल्या मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं न पाहिलेलं वाक्य वाचावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द. तिसरीत मिनिटाला किमान ६० शब्द आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या. शिक्षण खात्याच्या भाषेत इतकं स्वच्छ वाक्य फार क्वचित सापडतं. ‘सर्वांगीण विकास’ कुणालाच मोजता येत नाही, मिनिटाला साठ शब्द आजीलाही मोजता येतात.

आणि मोजायला हवेतच. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून घरोघर जाऊन हेच करते. मुलापुढे कागद धरायचा, त्यावर अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल कुठपर्यंत जातं ते लिहायचं. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतली, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. करोनाने खणलेला खड्डा भरून निघाला आणि वर थोडी मातीही पडली. पण चारांतल्या तिघांना अजून वाचता येत नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

महाराष्ट्रात असे संकल्प नवे नाहीत. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला. तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या लागत, परत येऊन फरशीवर खडूने वर्तुळं आखली जात आणि बाटल्यांची झाकणं, चिंचोके, आइस्क्रीमच्या काड्या गोळा होत. मग ‘शाळासिद्धी’ आली, सात क्षेत्रं आणि ४६ मानकं घेऊन. मग ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’. मग ५ मार्च २०२५ च्या निर्णयाने दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रम. जुन्या शाळेच्या भिंतीवर या सगळ्यांचे रंग एकावर एक बसलेले दिसतात. बोलक्या भिंती म्हणतात त्या याच असाव्यात.

या साऱ्यांत एक कल्पना मात्र मला अस्सल इथल्या मातीतली वाटते, ती म्हणजे चावडी वाचन. मुलांनी गावासमोर उभं राहून वाचायचं आणि गणितं करून दाखवायची. सातबाऱ्याचं चावडी वाचन आपल्याला माहीत आहे, तलाठी उतारे मोठ्याने वाचतो आणि ज्याची हरकत असेल त्याने ती घ्यायची. तसंच मुलाच्या वाचनाचं. चाचणीच्या गुणांवर पालक हरकत घेऊ शकत नाही, कारण ते त्याला कळत नाहीत. पोरगं अडखळलं तर ते कळतं. अट एकच, चावडीवर गाव हजर असायला हवं. मारुंजीत दुपारी चार वाजता त्या मुलाचा बाप अकराव्या मजल्याच्या स्लॅबवर असतो.

पाहणी वर्षातून एकदा करून भागत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी एकाने सांगून ठेवलं आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, त्यांना नीट पगार द्या, असं मांडलं. आणि त्याच ओघात तपासणीवरही बोट ठेवलं. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन जाण्याने फारसं काही साधत नाही, निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि अधूनमधून न कळवता यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे याच अधिकाऱ्याचा खेड्यात ‘दिपोटी’ झाला. दिपोटी येणार म्हणून शाळा सारवायची, हुशार पोरं पुढे बसवायची, मठ्ठांना त्या दिवशी गुरं राखायला पाठवायचं. आज दिपोटी जाऊन केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशी उतरंड आहे आणि तपासणी मोबाइलमध्ये शिरली आहे. पण ‘त्या दिवशी’ कोण वर्गात होतं या प्रश्नाची धार तशीच आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आता वर्षातून तीन मोठ्या चाचण्या होतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, पहिल्या सत्राअखेर संकलित मूल्यमापन एक, वर्षाअखेर संकलित दोन. पायाभूत आणि संकलित दोन यांतला फरक म्हणजे वर्षाची प्रगती. कल्पना चांगली आहे. मूल कुठे होतं आणि कुठे आलं, हे विचारणं नुसतं ‘किती गुण’ विचारण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं. आता यात आपलं चालणारं मूल घाला. पायाभूत चाचणी त्याने जालन्याकडच्या किंवा यवतमाळकडच्या शाळेत दिली. संकलित एकच्या वेळी ते ट्रकमध्ये होतं. डिसेंबरात मारुंजीत दाखल झालं, मार्चमध्ये बापाचं काम उठलं. संकलित दोन कुठेच नाही. त्याने मधल्या चार महिन्यांत जोडाक्षरं आत्मसात केली असतील, तर ती प्रगती कुणाच्या खात्यात? गावाकडच्या शिक्षकाच्या नाही, मारुंजीच्या बाईंच्या नाही. राज्याच्या सरासरीतही नाही.

ऑनलाइन व्यवस्थेत या मुलाची अवस्था आणखी विचित्र होते. नवी शाळा जुन्या शाळेकडे ‘सरल’ पोर्टलवर विनंती पाठवते, जुनी शाळा नाव सोडते, मग ते इकडे दिसतं. जुन्या शाळेचा पट एकसष्ट असेल तर नाव सोडायला हात जड होणारच, ते मी समजू शकतो. ‘यू-डायस’मध्ये तर शाळा सुटलेल्या पण दुसरीकडे न पोचलेल्या मुलांसाठी एक कप्पाच आहे, त्याला म्हणतात ड्रॉपबॉक्स. गुरुजींच्या तोंडी ‘चार पोरं ड्रॉपबॉक्सला पडलीत’ हे वाक्य आता ‘चार पोरं गावाला गेलीत’ इतकं सहज येतं. शब्द रूढ झाला की माणसं त्याच्याकडे बघेनाशी होतात.

या स्थलांतरावर शासनाने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्याय ठरेल. शिक्षण हमी कार्ड आहे: मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेने ते कार्ड बघून त्याला विनातक्रार बसवून घ्यायचं. शाळाबाह्य मुलांमागे फिरणारे बालरक्षक शिक्षक आहेत. पहिलीच्या आधी ‘पहिले पाऊल’चे मेळावे होतात, नोंदणीच्या टेबलापासून पालक मार्गदर्शनाच्या टेबलापर्यंत मूल उड्या मारत, चित्रं रंगवत, मणी मोजत जातं आणि आयांचे गट सुट्टीभर घरी शिकवतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की दाखला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही, कलम १५ सांगतं की वर्षात कधीही मूल आलं तरी परत पाठवायचं नाही. कायद्याची दारं उघडी आहेत. दारातून आत आलेल्या मुलाला मोजायची पट्टी तेवढी नाही.

भाषेचा गुंता वेगळाच. निपुणचं साठ शब्दांचं उद्दिष्ट मराठी शाळेत अर्थातच मराठीत. मारुंजीसारख्या ठिकाणी पहिलीत बसलेल्यांच्या घरी गोरबोली, कन्नड, भोजपुरी, ओडिया असं काहीही बोललं जात असतं, आणि आपापसांत ती खेळतात हिंदीत. २०२५ च्या एप्रिल-जूनमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्यात रण माजलं आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या गदारोळात मला सारखी ही मुलं आठवत होती. यांना हिंदी कुणी शिकवायची गरज नव्हती. यांना मराठी हवी होती, आणि ती शिकवण्यासाठी लागणारी निराळी तयारी कोणत्याच शासन निर्णयात नव्हती. ‘खो-खो’ म्हणजे काय हे मैदानावर कळतं. ‘आडवातिडवा’, ‘चिंब’, ‘हुरडा’ हे पुस्तकातून मिनिटाला साठच्या वेगाने वाचून कळत नाही.

आता त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. मुळशी धरणाच्या मागे, ताम्हिणीच्या बाजूला. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता, पाणी तरीही चढलं आणि गावं डोंगरउतारावर विखुरली. तिथल्या वाड्यांत आज प्रश्न उलटा आहे. शाळा आहे, मुलं नाहीत. तरणी माणसं पिरंगुटच्या कारखान्यांत, हिंजवडीत, पुण्यात. पावसाळ्यात ओढे भरले की दोन वाड्यांमधला किलोमीटर चार तासांचा होतो. चार-सहा मुलांची शाळा, एक किंवा दोन शिक्षक, सगळे वर्ग एका खोलीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर आज बदलून आला तर त्याला इथे फारसं परकं वाटणार नाही. फक्त त्याला रोज मुलांच्या जेवणाचा आकडा ॲपवर भरावा लागेल आणि त्यासाठी रेंज मिळणारा दगड शोधावा लागेल.

राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ आहेत आणि त्यांत १,८५,४६७ मुलं शिकतात, असा शिक्षण खात्याचाच आकडा २०२३ मध्ये चर्चेत होता. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं. त्यावर उत्तर म्हणून समूह शाळांची कल्पना पुढे आली आणि पुणे जिल्ह्यातल्याच पानशेतचं उदाहरण दिलं गेलं: लहान शाळा एकत्र करा, बस द्या, प्रयोगशाळा द्या, ग्रंथालय द्या. बस रोज येणार असेल तर कल्पना वाईट नाही. पण कायदा पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा म्हणतो, आणि आईचा पाय उंबऱ्याबाहेर पडतो तो मूल हाकेच्या अंतरावर आहे या भरवशावर. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने तर सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकपदच नाही अशी वेळ आणली.

एका तालुक्यात एका बाजूला मुलांना शाळा पुरत नाही, दुसऱ्या बाजूला शाळेला मुलं पुरत नाहीत, आणि पौडच्या कार्यालयात दोन्हींची सरासरी निघते. त्या सरासरीला काहीही अर्थ नाही. एक पाय चुलीत आणि एक बर्फात असलेल्या माणसाचं तापमान सरासरीने चांगलंच भरतं.

‘पण चांगल्या शाळाही आहेत की,’ असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात वाबळेवाडी आहे, जिथे प्रवेशासाठी रांग लागली म्हणून जिल्हा परिषदेची शाळा बातमी झाली. ती शाळा घडवणारे दत्तात्रय वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, पट तीनवर आलेली, बंद पडायच्या बेतात असलेली शाळा गावाला हाताशी धरून उभी केली, आणि २०२५ मध्ये ती शाळा ‘टी-फोर एज्युकेशन’च्या जागतिक स्पर्धेत पहिल्या दहांत गेली. तिथली विषयमित्रांची पद्धत, म्हणजे मुलांनीच वर्गाची भिंत विसरून एकमेकांना शिकवायचं, ही कुठल्याही एकशिक्षकी शाळेत उचलण्यासारखी आहे. जिल्हा परिषदेने ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राला बरोबर घेऊन तीन फेऱ्यांच्या परीक्षेतून सहावी-सातवीची २५ मुलं ‘नासा’ बघायला निवडली. ज्या मुलांनी पुणे स्टेशन पाहिलं नव्हतं ती अमेरिकेचा व्हिसा काढायला निघाली, याचं अप्रूप मलाही वाटलं. वाटायलाच हवं.

माझी तक्रार या शाळांबद्दल नाही, त्यांचा उपयोग कसा होतो त्याबद्दल आहे. वार्षिक प्रगतीचं सादरीकरण म्हटलं की पहिल्या पाच पानांत याच शाळा येतात. शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आलेली मुलं, नवोदयला लागलेली मुलं, नासाची पंचवीस. शेंड्यावरची फळं मोजून झाडाची तब्येत ठरवायची ही आपली जुनी सवय, कारण शेंडा लांबून दिसतो. जिल्हा परिषदेने आदर्श शाळा उभारण्याचा जो ‘पुणे मॉडेल स्कूल’ कार्यक्रम हाती घेतला, त्यातही शाळा निवडताना पट महत्त्वाचा ठरणार हे उघड आहे, आणि पटाची गोष्ट आपण पाहिली.

पट्ट्याही बदलत राहतात. केंद्राच्या शालेय शिक्षण कामगिरी निर्देशांकात २०२०-२१ साली महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण होते, केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने देशात पहिला. पुढच्या वर्षी निर्देशांकाची रचना बदलली, मुलांना प्रत्यक्षात काय येतं याला वजन वाढलं, आणि नव्या पट्टीवर देशातलं एकही राज्य सर्वोच्च श्रेणीत बसलं नाही. त्या एका वर्षात मुलं बिघडली नव्हती, शिक्षकही नाहीत. आधीचे ९२८ गुण कशाचे होते, एवढाच प्रश्न उरला आणि तो कुणी फारसा विचारला नाही.

कुणी विचारायचा? अमेरिकेत शाळांचे तेरा हजारांच्या आसपास जिल्हे आहेत आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं शाळा मंडळ असतं. यंदा तिसरीची किती मुलं वाचू लागली हे जाहीर सभेत सांगावं लागतं, आणि पालक माइकवर येऊन भांडतात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी रचना म्हणजे जिल्हा परिषदेची शिक्षण समिती. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आहेत, समित्या आहेत, निवडून आलेले सदस्य आहेत. पण पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका न झाल्याने पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. निपुणच्या सहा वर्षांतला मधला मोठा तुकडा असा गेला. अधिकाऱ्यांनी ठरवलं, अधिकाऱ्यांनी मोजलं. त्यात मेहनती अधिकारी होते, हे मान्य. पण मारुंजी-हिंजवडी गटाच्या सदस्याने उभं राहून ‘आमच्याकडे दिवाळीनंतर जी मुलं येतात त्यांना शिक्षक कुठून देणार?’ असं विचारायची जागाच नव्हती.

शाळेच्या पातळीवर शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, आणि तिनेच शाळा विकास आराखडा करायचा. मारुंजीतल्या मजूर बाईने समितीच्या बैठकीला यायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडवायचा. आणि पुढच्या तीन वर्षांचा आराखडा तिने का करावा? पुढच्या तीन महिन्यांत ती कुठे असेल हे मुकादमाला माहीत असतं.

शिक्षकांकडे वळतो, कारण शेवटी सगळं त्यांच्या माथी. चाचणीचे गुण चॅटबॉटवर, हजेरी बॉटवर, पोषण आहार ॲपवर, यू-डायस, सरल, आधार, अपार क्रमांक. वर मतदार याद्या. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाला शाळा सोडून दारोदार फिरलेले शिक्षक मी पाहिले आहेत. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही मोर्चातली घोषणा होऊ शकते, हे दुसऱ्या कुठल्या धंद्यात घडेल असं वाटत नाही. आता १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेत पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं आहे. पन्नाशीतले गुरुजी मुलांचा अभ्यास घेऊन रात्री स्वतःचा करताहेत.

मुलांच्या बाजूने जे थोडं हलतं ते बरेचदा शाळेच्या कुंपणाबाहेरून. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी मुंबईत १९८८ मध्ये सुरू केलेली ‘डोअर स्टेप स्कूल’ १९९३ पासून पुण्यात आहे. बांधकामांच्या जागी जाऊन मुलं शोधायची, तिथेच वर्ग घ्यायचे, जवळच्या सरकारी शाळेत नाव घालायचं आणि शाळेपर्यंत गाडीची सोय करायची, हे तिचं काम. ‘एव्हरी चाइल्ड काउंट्स’ या अभियानात नागरिकांनीच आपल्या परिसरातल्या साइटवर जाऊन मुलांची मोजदाद करायची अशी कल्पना आहे. हीसुद्धा पटाचीच मोजणी, पण ती मुलाच्या मागे जाते, मूल तिच्याकडे यायची वाट बघत नाही.

आणि पैसा? तोही आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागू झाला. मारुंजीत जितके मजले चढतात तितका तो वाढतो. त्यातून नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीसाठी वर्षाला २,५०० रुपये मिळतात. अट: ७५ टक्के हजेरी. नोंदणीसाठी अट: नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. बापाने नव्वद दिवस कुठे काम केलं हे ठेकेदाराने लिहून द्यायचं आणि मुलाने एका शाळेत तीन चतुर्थांश वर्ष काढायचं. ज्याच्यासाठी योजना आहे त्याच्या जगण्याकडे पाठ करून ती लिहिली गेली आहे. मुलींचा उपस्थिती भत्ता आठवतो का? पहिली ते चौथीच्या दुर्बल घटकांतल्या मुलींना १९९२ पासून दिवसाला एक रुपया. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ तो रुपया एकाचा दोन झाला नाही. निदान तो रोज मोजला जात होता.

मध्यंतरी खासगी शाळांचं दारही लोटून पाहिलं गेलं. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट मिळाली. तो नियम टिकला असता तर गावात झेडपीची शाळा आहे याच कारणाने वॉचमनच्या मुलीचा शेजारच्या चकचकीत शाळेचा हक्क गेला असता. उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली.

सध्या मारुंजीत चर्चा वेगळी आहे: गाव पिंपरी-चिंचवडमध्ये जाणार का? हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे, सांगवडे या सात गावांच्या समावेशाचा प्रस्ताव अनेक वर्षं लोंबकळतो आहे. रस्ते, पाणी, कचरा, कर यांवर हिरिरीने बोललं जातं. शाळेचं नाव शेवटी कुणीतरी काढतं. याच तालुक्यातली सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, तेव्हा गावाबरोबर शाळेची पाटीही बदलणार होती. शिक्षक कुणाचे, इमारत कुणाची, संचमान्यता कुठली, हे प्रश्न गावांच्या नकाशाइतके झटपट सुटत नाहीत. मारुंजीची वेळ आली तर साठ शब्दांचं उद्दिष्ट एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाईल, फायलीसकट.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील. त्याच दिवसांत मारुंजीच्या रस्त्यावर नवी बिऱ्हाडं उतरत असतील: ट्रंक, प्लास्टिकच्या घागरी, एक गुंडाळी केलेली सतरंजी. पत्र्याच्या खोलीला कुलूप लागलं की दोन-चार दिवसांनी कुणीतरी एक पोर शाळेच्या फाटकाशी घेऊन येईल. दाखला गावाकडे राहिलेला असेल, आधार नसेल, जन्मतारीख ‘पोळ्याच्या आसपास’. बाई त्याला वयाप्रमाणे तिसरीत बसवतील, कारण कायदा तसं सांगतो. पुस्तक शिल्लक असेल तर देतील, नसेल तर शेजारच्याच्यात बघ म्हणतील. मग कपाटातून जनरल रजिस्टर काढतील आणि पुढचा अनुक्रमांक घालून नाव लिहितील. तारखेच्या रकान्यात नोव्हेंबर असेल.